आईला बांधून नका पाठवू

मंगळवारी आई गेली. गुरुवारी मी आणि चुलतभाऊ तिच्या अस्थी घेऊन तापीच्या घाटावर गेलो. सगळे टाकतात तशी प्लास्टिकची पिशवी गाठीसकट टाकणार, तेवढ्यात पाण्यात उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाने हात आडवा केला.

“गाठ सोडा दादा. आईला बांधून नका पाठवू.”

चुलतभाऊ चिडला. “प्लास्टिकवर जगातले सगळे देश बैठका घेतायत. तुम्हालाच काय घाई?”

“देश बसतील निवांत, भाऊ. नदी थोडीच थांबते?”

मला गाठ सुटेना. त्याने डोक्यावरच्या गमछ्याला ओले हात नीट पुसले, गाठ सोडली आणि पिशवी परत माझ्या हातात दिली. मी अस्थी सोडल्या. रिकामी पिशवी त्याने घडी करून झोळीत ठेवली. झोळी अशाच पिशव्यांनी भरली होती.

घरी आईचा चष्मा उरला आहे. नदीत तिचं काही अडकलेलं नाही.