दुसऱ्या टपालाचं पत्र

"झोळी उलटी कर," इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले. ओढ्याच्या अलीकडं सायकल आडवी लावून ते माझीच वाट पाहून राहिले होते. मी झोळी उलटी केली. सगळी पत्रं आमच्याच टपालाची निघाली. तरी मी सारखा मागं पाहून राहिलो होतो. मागून माझी बायको पारू येत होती, आन् नको ते पत्र तिच्या टोपल्यात होतं.

आधी सांगतो, न्हाईतर आजच्या लोकांना कळायचं न्हाई. निजामाच्या राज्यात टपालं दोन होती. एक निजाम सरकारचं, एक इंग्रजाचं. हिंगोलीत दोन्हीची दफ्तरं. स्टॅम्प वेगळे, माणसं वेगळी. मी सरकारी टपालाचा हरकारा, म्हणजे झोळी पाठीवर टाकून, घुंगराची काठी वाजवत पायी पत्रं पोचवणारा. माझी वाट गोरेगावकडची. त्या वाटेवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्याला इंग्रजी टपालाचा माणूस जात नव्हता. तिथली पत्रं त्यांचा दगडू माझ्याजवळ द्यायचा, मी जाता जाता टाकायचो. कुणालाच तकलीफ नव्हती.

इंग्रज-जर्मनच्या दुसऱ्या लढाईच्या दिवसांत वरून हुकूम आला. इंग्रजी टपाल आपली गिऱ्हाइकं ओढून राहिलं, तवा त्यांचं एक कार्डबी आपल्या हरकाऱ्यानं न्यायचं न्हाई. सापडलं तर नोकरी गेली.

त्याच हप्त्यात दगडू तांड्यातल्या सोनी याडीच्या नावाचं पत्र घेऊन घरी आला. तांड्यात आईला याडी म्हणतात. तिचा एकुलता लेक इंग्रजाच्या फौजेत, लढाईवर होता. सहा महिने झाले, जिता हाय का मेला, पत्ता नव्हता. लष्कराचं पत्र इंग्रजी टपालातच यायचं.

"मी नेत न्हाई. वापस घेऊन जा," मी म्हणलो. खरं सांगतो, भ्यालो होतो.

पारू चुलीपासून उठली. "काहून न्हाई?"

"हुकूम हाय."

"तुमाला हाय. मला कोन्या सरकारनं नोकरीला ठेवलं?" तिनं दगडूच्या हातातून पत्र घेतलं. "बसा दगडूभाऊ, च्या घेऊन जा. हे असेच भितात."

आन् दुसऱ्याच दिवशी ओढ्यावर साहेब.

"बाई, टोपल्यात काय आहे?"

मी डोळ्यांनी खुणावलं. तिनं पाहिलंच न्हाई.

"भाकरी हाय. आन् सोनी याडीच्या लेकाचं पत्र हाय, इंग्रजी टपालाचं."

साहेबांनी हात पुढं केला. तिनं पत्र बराबर हातावर ठेवलं.

"घ्या. आता तुमीच नेऊन द्या. तांडा दीड कोस हाय. याडीला दिसत न्हाई, वाचूनबी दाखवा."

साहेब त्या पत्राकडं पाहतच राहिले. सरकारी टपालाचा इन्स्पेक्टर, आन् हातात इंग्रजाचं पत्र! ठेवून घ्यावं तर दुसऱ्याचं टपाल अडवलं, न्यावं तर हुकूम मोडला. विस्तव धरल्यासारखं त्यांनी ते टोपल्यात टाकलं.

"तुझी बायको तुझं ऐकत नाही का रे?"

"न्हाई साहेब."

"मग माझं काय ऐकणार!" त्यांनी रिपोर्टात 'झोळी साफ' लिहिलं आन् सायकल फिरवली.

लेक जिता होता. पायाला गोळी लागून दवाखान्यात पडला होता. तांड्याच्या नाईकानं पत्र वाचलं, तवा याडीनं पारूचा पदर धरला तो सोडीना.

लढाई संपेपर्यंत तांड्याची पत्रं पारूच नेत राहिली. मी पुढं, ती मागं. मी जरा हळू झालो की म्हणायची, "घुंगराची काठी वाजवा, झोपले काय?" तसं मागून बोलणारं आता कुणी न्हाई. पारूला जाऊन दोन वर्षं झाली.

लढाईनंतर निजामाचं राज्य गेलं, दोन्ही टपालं एक झाली, तो हुकूमबी गेला. पेन्शन मला भेटते. ज्याच्या नावावर नोकरी असते, कामबी त्यानंच केलं असं समजू नये.