लेसोथोवरचं रेफेराट

माझी मुलगी जर्मनीत, येना शहरातल्या शाळेत आठवीत होती. भूगोलाच्या बाईंनी वर्गात देश वाटले आणि हिच्या वाट्याला लेसोथो आला. तिथला इतिहास, राज्यकारभार आणि शिक्षण यावर वर्गापुढे बोलायचं. इथे त्याला रेफेराट म्हणतात. माझ्या लेझरच्या लॅबमध्ये लेसोथोचीच एक मुलगी पीएचडी करत होती. तिला मी रविवारी जेवायला बोलावलं.

त्या उन्हाळ्यात सासरे पुण्याहून आले होते. निवृत्त मुख्याध्यापक, विषय इतिहास. शनिवारभर त्यांनी फोनवर लेसोथो वाचून काढला आणि रविवारी पाहुणीने बूट काढायच्या आत तिला तिच्याच देशाची माहिती द्यायला सुरुवात केली. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका, समुद्र नाही, सगळा मुलूख डोंगराळ. ती बिचारी मान डोलावत होती.

"अहो बाबा, तिला बसू तरी द्या," मी म्हटलं.

वरणभात वाढल्यावर तिला बोलायची संधी मिळाली. तिने सांगितलं, त्यांच्या पहिल्या राजाने वाताहत झालेल्या लोकांना एका सपाट माथ्याच्या डोंगरावर आसरा दिला. गोरे शेतकरी जमिनी बळकावत आले तेव्हा त्याने इंग्लंडच्या राणीकडे संरक्षण मागितलं.

बाबांचा घास हातातच राहिला. "इंग्रजांना स्वतःहून बोलावलं?"

"हो सर. म्हणून तर देश उरला."

बाबांनी घास तोंडात घातला. त्यांनी विषय बदलला. "पण आजच्या काळात राजा कशाला हवा?"

"कारभार पंतप्रधान बघतात. सरकारं पडतात, आघाड्या फुटतात, पुढारी पक्ष बदलतात. राजा तेवढा जागेवर असतो."

"मग ओळखीचंच आहे सगळं," बाबा म्हणाले आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघून हसले.

शाळेत मुलांपेक्षा मुली जास्त, असंही ती म्हणाली. मुलगे गुरं घेऊन डोंगरात जातात. तिचा भाऊ असाच शाळेबाहेर राहिला आणि ती लेझरपर्यंत पोचली. हे सांगताना ती हसली नाही. लेक लिहून घेत होती. "गेनाऊ," म्हणजे 'बरोबर', एवढंच म्हणाली.

रेफेराट झालं. मार्क कापून आले. का, तर बर्फाच्छादित डोंगरांचे फोटो 'बहुधा आल्प्सचे' होते आणि वन्य प्राण्यांचा उल्लेख नव्हता. लेक रडली. बाबा तडक शाळेत जायला निघाले. मी त्यांना थांबवलं आणि बाईंना लिहिलं की फोटो आमच्या पाहुणीने स्वतः, तिच्या गावात काढलेत. बाईंनी लगेच पाहुणीलाच वर्गात बोलावलं, म्हणजे मुलांना 'खरी आफ्रिका' बघायला मिळेल.

ती गेली. मी आणि बाबा मागच्या बाकावर बसलो. पहिल्याच मुलाने हत्तींबद्दल विचारलं.

"हत्ती मी पहिल्यांदा जर्मनीत पाहिला, झूमध्ये," ती शांतपणे म्हणाली. पोरं खळखळून हसली. मग तिने बर्फात गुरं कशी राखतात ते सांगितलं, भावाचंही सांगितलं.

बाईंनी शेवटी तिचे आभार मानले आणि लेकीचे मार्क वाढवले. अर्धेच. वन्य प्राणी नव्हते ते नव्हतेच.