ऑर्किडच्या घरात भरतीचं पाणी

ऑर्किडच्या घरात साचलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट! मचूळ नाय, चक्क खाडीचं खारट. आणि माझी दोन वर्षांची पोर त्याच पाण्यात फतकल मारून बसलेली. हातात न्हाणीतला मग, आणि तो भरभरून ती माझ्या ऑर्किडवर पाणी उडवतेय. "आई, झाडं भू प्याली!" मला रोज पाणी मारताना बघते ना, तसंच करत होती. मी किंचाळले. ती घाबरून रडायला लागली. पोरीला उचलू का रोपं उचलू, मला सुचेना. पोर काखेत मारली आणि एका हाताने कुंड्या बाहेर ओढायला लागले.

नीट सांगते, नायतर तुम्हाला काय कळायचं नाय.

माझं माहेर रोह्याकडचं, निडीजवळ. आठवीपर्यंत शिकले. लग्नाअगोदर दोन वर्षं कोलाडच्या बाजूला एका बाईंच्या नर्सरीत कामाला होते. तिथे पहिल्यांदा ऑर्किड बघितलं. आम्ही भाताची माणसं, माती नसेल तर काय उगवायचं? पण हे झाड मातीत लावलं की मरतं. कोळशाच्या तुकड्यांवर, नारळाच्या सोडणावर, म्हणजे वरच्या सालीवर बसतं, मुळं बाहेर लोंबत सोडतं. मुळं सुकली की रुपेरी दिसतात, पाणी लागलं की बघता बघता हिरवी होतात. मी तासन् तास बघत बसायची. मुळं हवेतलं पाणी पितात म्हणजे कशी? रात्री पितात का दिवसा? बाई म्हणायच्या, "तू कामाला आलीयेस का माझी परीक्षा घ्यायला?"

लग्न झालं नि काम सुटलं, मग पोर झाली. सासर पेणच्या खाडीकाठी, इथून रोज जाणार कशी? यंदा शिमग्याला माहेरी गेले तेव्हा बाईंना भेटले, निघताना त्यांनी सहा रोपं दिली. म्हणाल्या, "हा उन्हाळा जगवून दाखव. पाऊस लागला की मी बघायला येते. सहाच्या सहा ताठ असली तर ऑर्किडची शंभर पिल्लं तुला घरी वाढवायला देते." म्हणजे पोरीला सोडून कुठे जायला नको, घरबसल्या काम. माझ्या डोक्यात तेव्हापासून तेवढंच.

मग मी ऑर्किडचं घर काढलं. खरंच काढलं, कॅलेंडरच्या पाठी, पेनाने. छप्पर उंच, कारण गरम हवा वर जाते, आणि वर एक झडप, ती हवा बाहेर सोडायला. पश्चिमेला हिरवी जाळी दुहेरी. बाजूंना गोणपाट, पाणी मारून ओलं ठेवायला. पन्हळीतनं पावसाचं पाणी थेट पिंपात, कारण यांना पावसाचंच पाणी आवडतं. आणि खाली जमीन चार बोटं खोल, त्यात पाणी उभं, वर बांबूच्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर कुंड्या. पाणी उन्हाने वर येणार आणि मुळं ते पिणार. नर्सरीत पाण्याचे ट्रे होते, मी म्हटलं आपण जमिनीचाच ट्रे करू.

सासू चित्र बघून म्हणाली, "माणसांना पंखा धड नाय, नि झाडांना बंगला!"

नवऱ्याने कंपनीतनं शिफ्ट संपवून आल्यावर बांबू उभे केले. छपराला गणपतीच्या कारखान्यातलं जुनं प्लास्टिक मिळालं, त्यावर गुलाबी रंगाचे ठिपके. पण खालची जमीन आबांनी मागून घेतली. आबा म्हणजे माझे सासरे. सगळा जन्म मिठागरात गेला त्यांचा. मिठागर बंद झालं तेव्हापासून नुसते ओट्यावर बसून असायचे. मी "चार बोटं पाणी" म्हटलं आणि ते उठले. मिठागरातल्या वाफ्यासारखा चिखल तीन दिवस पायांनी तुडवला. सपाट किती! पाणी ओतलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं उभं. मी विचारलं, "आबा, मापाशिवाय कसं कळतं?"

"पाणीच सांगतं गो. आपण गप बसून बघायचं."

त्यांना इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवशी मी जाळी आणायला पेणच्या बाजारात गेले होते. पोर सासूजवळ. अवसेचं उधाण होतं, घरामागच्या नाल्याला भरतीचं पाणी तट्ट चढलेलं. आबांनी नाल्यापासून चर खणला आणि वाफा भरून टाकला. मिठागरातल्या माणसाला तयार वाफा आणि समोर भरती दिसली, तर तो दुसरं काय करणार? मला खूश करायला केलं त्यांनी. भरून झाल्यावर शेजारी चहाला गेले. सासू मासे साफ करत होती, तेवढ्यात पोर आत शिरली.

बाकी मी आले तेव्हाचं तुम्हाला सांगितलं.

मीठ मुळाला लागलं की मूळ करपतं, हे मला नर्सरीत कळलेलं. गोड्या पाण्याने धुवायचं, लगेच. नळ आमच्याकडे एक दिवसाआड येतो, त्या दिवशी नव्हता. घरात प्यायचे तीन हंडे. मी एक क्षण थांबले, आणि पहिला हंडा ओतला. कुंडीखालनं निथळणारं पाणी बोटावर घेऊन चाखत होते. खारट. परत ओतलं. थोडं कमी. मला भीती वाटत होती नि डोक्यात किडापण वळवळत होता, कितव्या वेळी मीठ जाईल? पाचव्या वेळी गेलं. तिन्ही हंडे संपले.

सासू आत आली. "हंडे कसे रिकामे झाले गो?"

माझ्या तोंडातनं निघालं, "पोरीने लवंडले."

"तिन्ही? पोर हाय का म्हैस!" म्हणत तिने पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि कळशी घेऊन शेजारी पाणी मागायला गेली. पोर माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मला अजून सोसत नाय.

मग आबा आले. तोंडभर हसू. "बघितलंस? कसं बसलंय पाणी. बोटाचा फरक नाय."

"आबा, पण खाडीचं पाणी?"

"मग काय प्यायचं पाणी उडवायचं उन्हात? वाफेला मीठ नसतं गो. मीठ खाली रव्हतं, पाणी एकटंच वर जातं. वर बघ."

छपराच्या प्लास्टिकला आतनं थेंब लागले होते. मी चवड्यांवर उभी राहून एक थेंब बोटावर घेतला. चाखला. गोडा! खरंच गोडा. मी सगळं विसरले क्षणभर. खाली खाडी, वर गोडं पाणी, आणि मध्ये माझी मुळं. शाळेत कोणी मला हे असं दाखवलं असतं तर मी आठवीत थांबले नसते.

म्हणजे आबा चुकले नव्हते. पण कुंड्या मी पट्ट्यांवर अगदी खाली, पाण्याला टेकतील अशा ठेवलेल्या, आणि पोरीच्या हाती न्हाणीतला मग येणार हे त्यांना कुठे माहीत होतं?

"पाणी आटलं की पुढच्या उधाणाला परत भरतो," आबा म्हणाले. "काय गो, भरू ना?"

नाय म्हटलं तर का ते सांगावं लागणार. रोपं मरायला आलेली, हंडे मी ओतले, सगळं. मग ते परत ओट्यावर जाऊन बसतील. व्हय म्हटलं तर शंभर पिल्लांच्या पायाखाली दर उधाणाला खाडी येणार.

मी म्हटलं, "भरा, आबा."

कुंड्या आता कंबरेएवढ्या उंच टांगल्यात. दाराला वर कडी लावलीय. चार रोपं ताठ हायत. दोन रोपांच्या मुळांची टोकं काळी पडलीत, आणि पाऊस यायला महिना हाय. बाई सहा मोजणार. आबांना मी काय बोलले नाय, सासूला बोलले नाय. आबा रोज सकाळी वाफ्याच्या काठाला बसून पाणी बघतात, आणि पोर त्यांच्या मांडीवर असते.

माझ्या जागी तुम्ही असतात तर आबांना काय सांगितलं असतंत?