नावं न सांगणारे फुवा

देशातला एकही मोठा माणूस असा नसेल, ज्याला आमच्या फुवांनी नुसत्या बनियनवर पाहिलेलं नाही. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. तापीकाठच्या प्रकाशा गावात त्यांची केळीची बाग आहे, पण त्याआधी अठ्ठावीस वर्षं ते सुरतेच्या एका बड्या हॉटेलात खोल्यांमध्ये चहा-जेवण पोचवत होते. नोकरी सुटली, सवयी सुटल्या नाहीत. म्हशीला चारा टाकतानासुद्धा त्यांचा डावा हात पाठीमागे असतो. स्वतःच्या स्वयंपाकघरात ते दार दोनदा वाजवून शिरतात. फुई आतून ओरडते, "या ना, आठे कोन नागडं बठेल शे!"

चहाच्या टपरीवर फुवा बसले की गोष्टी सुरू. पाल निघाली म्हणून पलंगावर उभे राहून भाषणाच्या आवाजात हाका मारणारे मंत्री. सामन्याच्या सकाळी आईला फोन लावून 'दहीभात खाऊ का' असं विचारणारा फलंदाज. गोष्ट रंगायची आणि कोणीतरी विचारायचं, "पन नाव काय त्यानं?" फुवा कप खाली ठेवायचे. "नाव नही सांगानं. खोलीनी गोष्ट खोलीमा." मग सगळी टपरी हसायची. "नाव राही ते सांगी ना! हाऊ तठे भांडा घसत व्हई!"

त्यांची सर्वांत लाडकी गोष्ट एका गायिकेची. भर कार्यक्रमात तिचा आवाज फाटला, लोकांनी हुर्यो उडवली, आणि तिनं दोन दिवस खोलीचं दार उघडलं नाही. फुवा दर जेवणाला दाराबाहेर मुगाची खिचडी ठेवत आणि गार झालेली उचलून नेत. तिसऱ्या दिवशी दार उघडलं. ती उंबऱ्यात बसून खिचडी खात रडली, आणि फुवा पाण्याचा जग धरून उभे राहिले. ही बाई कोण, यावर गावात आजवर पाच-सहा नावांच्या पैजा लागल्या आहेत.

मागच्या वर्षी एक नामांकित गायिका आमच्या देवळात दर्शनाला आली. सारं गाव मोबाइल उंचावून उभं. टपरीवाल्यांनी फुवांना ढकलत पुढे आणलं. "आते दाखाडा तुम्हनी वळख!" मी शेजारीच होतो. बाई पायऱ्या उतरल्या, फुवांसमोर आल्या आणि थबकल्या. "काका, तुम्ही सुरतेच्या हॉटेलात होता ना? चौथ्या मजल्यावर?"

सगळे मोबाइल फुवांकडे वळले. फुवांनी आयुष्यभर या एका वाक्याची वाट पाहिली असणार. त्यांनी डावा हात पाठीमागे घेतला, कमरेत किंचित वाकले आणि म्हणाले, "नाही मॅडम. आपली काहीतरी गल्लत होतेय. मी इथला शेतकरी."

इतक्या अदबीनं नाही म्हणणारा शेतकरी तापीकाठी अजून जन्मायचा आहे. बाईंना ते कळलं. त्या हात जोडून गाडीकडे गेल्या. गावानं मात्र शब्दच धरला, की हा कधी हॉटेलात नव्हताच. गेलं वर्षभर फुवांची टिंगल चाललीय. "सोताना तोंडे कबूल करं ना त्यानी!"

त्या दुपारी आम्ही घरी आलो. मी म्हणालो, "फुवा, एकदा हो म्हटलं असतं तर?" ते म्हणाले, "आनि मंग? खिचडीनी गोष्ट गावले पाठ शे. ती कोन, ते लगेच समजतं." एवढंच बोलून ते ओसरीवर टेकले.

फुई दारात उभी राहून ऐकत होती. नवऱ्याच्या या गोष्टींना तिनं कधी कान दिला नव्हता. ती येऊन त्यांच्याशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "अठ्ठावीस वरीस लोकेस्ले जेवू घालं. तुम्ही सोता तठे काय खात व्हतात?"

फुवा गडबडले. मंत्री, फलंदाज, नट, सगळ्यांची जेवणं त्यांना तोंडपाठ. स्वतःचं ताट मात्र आठवेना. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. मग म्हणाले, "उभ्यानी खात व्हतू. ध्यानमा नही ऱ्हायनं."

फुई उठली आणि त्यांच्यासाठी पाट मांडू लागली.