प्रिंटर गप होता

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सावद्याला केळीच्या शीतगृहात संगणक सांभाळायचो. वीज येऊन गेली आणि एखाद्या खोलीचं थंडीचं यंत्र पुन्हा चालू करायचं राहिलं, की तिथलं तापमान चढायचं. ते नोंदवताच डेटाबेसमधला ट्रिगर, म्हणजे आपोआप चालणारी आज्ञा, प्रिंटरवर इशारा छापायचा. हळूहळू आकडे कुणी बघेनासं झालं. सगळे फक्त प्रिंटरचा खडखडाट ऐकायचे.

जुन्या नोंदी भरताना जुन्या तापमानांवरही इशारे छापले जायचे, आणि तो खडखडाट आमच्या साहेबांना नको असायचा. त्यांनी नोंदी भरणाऱ्या प्रोसिजरच्या, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमच्या, पहिल्या ओळीत ट्रिगर बंद केला, शेवटच्या ओळीत चालू. मधेच वीज गेली तर शेवटची ओळ चालणारच नाही, हे सांगून माझं तोंड दुखलं. "वीज आली की सगळं जागेवर येतं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ट्रिगर जागेवर येत नाही. बंद केलेला बंदच राहतो.

मी रजेवर असताना नोंदी भरताभरताच वीज गेली. आठवड्याने परतलो, तेव्हा खोल्या सांभाळणारे धुळ्याकडचे नाना दारात निवांत बसले होते.

"प्रिंटर गप शे भाऊ," ते म्हणाले, "म्हंजे बठ्ठं बेस शे." सगळं ठीक आहे, अशी त्यांची खात्री होती.

मी त्यांच्यामागचं दार उघडलं. मी रजेवर गेलो तेव्हा आत हिरवी केळी ठेवलेली होती. पिकल्या केळ्यांचा गोड, उबदार वास अंगावर आला.