आहेरात घातलेली फी

ज्युलियस तुस्कानो हा मुळात भित्रा माणूस नव्हे. स्कारबरोच्या बस डेपोत तो मेकॅनिक आहे. उणे वीसच्या थंडीत बसखाली पाठीवर पडून नट पिळतो आणि वर गाणीही म्हणतो. पण टॅक्स खात्याचं खिडकीवालं पाकीट आलं की गाणं बंद.

या वेळच्या पाकिटात सरळ प्रश्न होता. नॉर्थ यॉर्कच्या भाड्याने दिलेल्या कॉन्डो-फ्लॅटसाठी कर्ज काढलंत, ते जमवून देण्याची फी म्हणून तीन हजार डॉलर खर्चात दाखवलेत, पावती दाखवा.

पावती कुठून आणणार? कर्ज जमवून दिलं होतं व्हिव्हियनने. तो धंद्याने ब्रोकर, पण त्याआधी वसईचा, ज्युलियसच्याच गावचा. फीचं विचारलं तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले होते. "ज्युल्या, तुझ्याकडून फी घेतली तर आई मला घरात घेईल का रे?"

फुकटात काम करून घेणं ज्युलियसला जमत नाही. पुढच्याच महिन्यात व्हिव्हियनच्या मुलीचं लग्न होतं. ज्युलियसने बाजारात चालते तेवढ्या फीचा चेक आहेराच्या पाकिटात घातला, वर 'सुखी राहा' लिहिलं, आणि टॅक्स भरताना तीच रक्कम कर्जाच्या खर्चात टाकून दिली. मनातून तर ती फीच होती ना!

"आता तुरुंगात सुखी राहा," त्याची बायको इझाबेला म्हणाली. तिने ताटात वाढलेला पापलेट त्याने हात न लावता परत केला, तेव्हा मात्र तीही गंभीर झाली.

"मी व्हिव्हियनकडून आता पावती घेऊ का?" त्याने हळूच विचारलं.

"म्हणजे लेकीचा आहेर त्याने कमाई म्हणून दाखवायचा? तू सुटशील आणि तो अडकेल. त्याने फी घेतली नाही, तू आहेर दिलास. झालंय ते एवढंच."

 आत्तापर्यंत ज्युलियस एकट्यासाठी घाबरत होता, आता दोघांसाठी घाबरायचं होतं.

"डॅड, जस्ट कॉल देम अँड टेल द ट्रूथ," मुलगी एलेन सोफ्यावरून म्हणाली.

"तुला काय जातंय बाय! बाप तुरुंगात गेला तर तुझं लग्न कोण लावून देणार?" ज्युलियस म्हणाला.

शेवटी तो फोन घेऊन बेसमेंटमध्ये गेला. पलीकडे टॅक्स खात्याच्या बाई आल्या तसं त्याने एका दमात सगळं ओकून टाकलं. मॅडम, ती फी नव्हती, लग्नाचा आहेर होता, चूक माझी, काढून टाका.

"कोणाला दिलात आहेर?"

त्याने वॉशिंग मशीनची कड घट्ट धरली. "मित्राच्या मुलीला."

पलीकडे कीबोर्ड वाजत राहिला. "आहेर खर्चात धरता येत नाही. काढते मी. त्यावरचा टॅक्स आणि व्याज भरावं लागेल."

"आणि पोलीस?"

"कुठले पोलीस?" बाईंना हसू आलं असावं. "बरं, बँकेने स्वतःची काही फी घेतली होती का?"

"कर्जातूनच कापून घेतली. हातात आलीच नाही, मग खर्च कसला?"

"तोच तर खर्च! कॉन्डो भाड्याने दिलाय, म्हणजे तिची वजावट मिळते. फक्त एकदम नाही. दरवर्षी पाचवा हिस्सा, पाच वर्षं. बँकेचा कागद पाठवा, या वर्षीचा हिस्सा धरते."

ज्युलियस जिना चढून वर आला आणि खुर्चीत बसला. इझाबेलाने पाण्याचा ग्लास पुढे केला. "काय म्हणाल्या?"

"सोडलं. टॅक्स आणि व्याज भरायचं, पण बँकेच्या फीची वजावट मिळेल."

"मग चेहरा असा का पडलाय?"

"त्या वजावटीचा हिस्सा दरवर्षी लिहून द्यायचाय त्यांना," ज्युलियस म्हणाला, आणि ग्लास न पिताच खाली ठेवला. "पाच वर्षं, इझाबेला. पाच वर्षं!"