साखळीतलं पाचवं कुलूप

लाइट गेली की आमच्या खोऱ्यातले लोक मेणबत्ती शोधत नाहीत, आधी ट्वायला ड्रिस्कलला फोन लावतात. "कळलंय हो, माणसं निघालीत. शेगडीत लाकडं सारा आणि गप्प बसा," असं ती पलीकडून दरडावते आणि नुसत्या त्या दरडावण्यानंच अर्धी थंडी पळते. वीज सहकारी संस्थेत खिडकीमागं बिलं घेणारी पोरगी म्हणून ती लागली आणि केसांत पांढरं दिसेपर्यंत तिथंच मुरली. जुना मॅनेजर आजारी पडून निघून गेला तेव्हा संचालकांनी तिला हंगामी मॅनेजर केलं. तो 'हंगामी' शब्द मात्र तिला बुटातल्या खड्यासारखा टोचायचा. तिनं कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आणि अध्यक्ष हार्लन रस्क कायमच्या जागेवर पोर्टलंडहून कुणीतरी शिकलेला माणूस आणणार अशी कुजबुज होती. हार्लन गुरांचा मोठा धनी. बोलणं असं मोजकं की जणू शब्दाशब्दाला कर बसतो.

त्या हिवाळ्यात देशाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी विजेच्या उपकेंद्रांवर बंदुका झाडल्या आणि हजारो घरं अंधारात गेली. आमचे संचालक हादरले. आमचं उपकेंद्र टेकडीच्या पायथ्याला, साध्या जाळीच्या कुंपणात. सशांखेरीज तिकडं कुणाचं लक्ष नाही. सुरक्षेचा आराखडा करून देणारा सल्लागार नेमायचं ठरलं आणि माणसं पारखायचं काम ट्वायलाकडं आलं. बाकीच्यांनी आल्या आल्या भिंती, कॅमेरे आणि पहारेकरी विकायला काढले. कर्टिस बेअर्ड नावाचा एकटाच म्हणाला, "आधी जागा दाखवा, मग बोलू." तिनं त्याची शिफारस केली. निवड चांगलीच होती, आजही कुणी नाही म्हणणार नाही. पण आपण निवडलेल्या माणसापुढं आपणच गावंढळ दिसू नये, ही धास्ती तिला त्या दिवसापासून लागली.

पाहणीच्या दिवशी ती, बेअर्ड आणि हार्लन असे तिघं गेले. उपकेंद्राकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक फाटक आहे आणि फाटकाला साखळी. आमच्याकडच्या सगळ्या फाटकांना असते तशीच. प्रत्येकाचं आपलं कुलूप, एकाच्या कडीत दुसऱ्याची कडी अडकवलेली. आपलं उघडलं की फाटक उघडतं, दुसऱ्याच्या किल्लीची गरज नाही. तिथं पाच कुलपं होती.

"कुणाकुणाची आहेत ही?" बेअर्डनं विचारलं.

"हे संस्थेचं. हे आग विझवणाऱ्यांचं. हे टेलिफोनवाल्यांचं. हे हार्लनचं, त्याची गुरं वर चरतात." ट्वायला भराभर सांगत गेली आणि पाचव्यापाशी अडखळली.

पाचवं पितळेचं होतं, लाल चिकटपट्टी गुंडाळलेलं. ते वेंडेल ओक्सचं. वेंडेल म्हणजे संस्थेचा जुना लाइनमन. ट्वायला नवी असताना एका बर्फाच्या वादळात फोनवरच्या शिव्या ऐकून रडायला लागली होती. तेव्हा हा गडी खांबावरून उतरून, ओलाकच्च, तिच्या खिडकीपाशी आला आणि म्हणाला, "पोरी, लोक तुला शिव्या देत नाहीत गं, अंधाराला देतात." तेवढ्यावर ती आयुष्यभर टिकली. पुढं तो निवृत्त झाला, बायको गेली, घरात बसून भिंतींशी बोलायला लागला. वाऱ्याबरोबर गडगडत येणारी वाळकी काटेरी झुडपं उपकेंद्राच्या कुंपणाला ढिगानं अडकतात, एक ठिणगी पडली तर होळीच. ती काढायला माणसं पुरेनात तेव्हा ट्वायलानंच त्याला म्हटलं होतं, "वेंडेल, तुमचं एक कुलूप अडकवा ना साखळीत. जाता येता बघत जा." म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला होता की जणू त्याला पुन्हा नोकरीवरच घेतलं. नजर अधू, म्हणून आपलं ओळखू यावं यासाठी ती लाल पट्टी. याचा कागद कुठंच नव्हता. आमच्याकडं अशा गोष्टींचे कागद करत नाहीत.

"आणि हे?" बेअर्डनं लाल पट्टीवर बोट ठेवलं.

अध्यक्ष शेजारी उभा, समोर शहरातला जाणकार. एका निवृत्त म्हाताऱ्याला मी तोंडी परवानगी दिली, हे सांगायला तिची जीभ रेटेना.

"काय की," ती म्हणाली. "कुणा शिकाऱ्यानं लावलं असेल."

"मग हे सगळ्यात वाईट," बेअर्ड शांतपणे म्हणाला. "धनी माहीत नसलेलं कुलूप म्हणजे उघडं फाटक. कापू?"

तिनं मान डोलावली. त्यानं गाडीतून कटर आणला आणि कट् करून कडी तोडली. साखळी मधेच तुटली तेव्हा हार्लननं मुकाट्यानं खिशातून किल्ली काढली, आपलं कुलूप सोडवून पलीकडच्या कुलपात अडकवलं आणि साखळी पुन्हा जोडली. ट्वायलानं तुटकं कुलूप गवतात पडलेलं पाहिलं आणि ते उचलायचंही तिला सुचलं नाही.

वेंडेलला संध्याकाळी फोन करून सगळं सांगायचं, असं परतीच्या वाटेवर तिनं ठरवलं होतं. संध्याकाळी म्हणाली, उद्या. उद्याचं परवावर गेलं. आणि मग तोच ऑफिसात येऊन उभा राहिला. रुमालात गुंडाळलेलं कुलूप त्यानं टेबलावर ठेवलं.

"हे बघ पोरी. कुणीतरी कापलंय. बाकी एकालाही हात लावलेला नाही, फक्त माझं. बंदुका झाडणारे असेच आधी चाचपून जात असतील."

हीच वेळ होती. दार लावून घ्यायचं आणि एका वाक्यात मोकळं व्हायचं.

"टवाळ पोरं असतील कुणाची तरी," ट्वायला म्हणाली.

"असतील. पण खात्री नको? तुझ्या माणसांना आधीच कामं कमी नाहीत. मी बसतो तिथं राखणीला."

"अहो, थंडी केवढी आहे!"

"घरात काय ऊब उतू चाललीये? बसतो मी."

आणि तो बसला. सकाळी उजाडलं की त्याची निळी पिकअप फाटकासमोर, मांडीवर घोंगडी, काचेवर श्वासाची वाफ. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडं डोळे बारीक करून बघायचा. गावात थट्टा सुरू झाली, "वेंडेलला सैन्यात घेतलंय." ट्वायलाला ते बघवेना. एका दुपारी तिनं डबाभर चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे रोल नेऊन दिले. चोरानंच पहारेकऱ्याला जेवण पोचवावं, तसला प्रकार. वेंडेलनं चिली चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाला, "माझं काय जातंय म्हणून सोडून देणारे खूप. तू चौकशीला तरी आलीस." ती गाडीत येऊन बसली तेव्हा तिचे कान तापले होते. आरशात स्वतःकडं बघायचीही तिला लाज वाटली. तरी बोलली नाहीच. स्वतःच्या भित्रेपणाची तिला किळस आली होती, आणि किळस आली की माणूस धीट होतो असं काही नाही.

मार्चमध्ये संचालकांची सभा भरली. आमच्या सभांना कुणीही सभासद येऊन बसू शकतो, मागं कॉफी आणि ॲपल पाय मांडलेला असतो, आणि पुष्कळजण त्या ॲपल पायसाठीच येतात. वेंडेलही आला होता, धुतलेला शर्ट घालून. त्याला कुलपाची तक्रार मांडायची होती. विषयपत्रिकेवर आधी बेअर्डचा आराखडा आणि शेवटी मॅनेजरची कायम नेमणूक.

बेअर्डनं सगळं नीट मांडलं. कुंपण कसं, यंत्रांना आडोसा कुठं, कुलपांची साखळी बंद करून एकच नोंदीचं कुलूप. मग म्हणाला, "आणि एक काळजीची गोष्ट. तात्पुरता कॅमेरा लावला होता मी. एक अनोळखी इसम रोज येऊन उपकेंद्रावर पाळत ठेवतोय." पडद्यावर चित्र आलं. निळी पिकअप, घोंगडी, आणि डोळे बारीक केलेला वेंडेल.

सगळी खोली खदखदून हसली. "अहो, हा तर आपला वेंडेल! मागं बसलाय बघा, ॲपल पाय खातोय!"

वेंडेल हसला नाही. त्यानं बशी खाली ठेवली आणि उठून उभा राहिला. "मी पाळत नाही ठेवत, राखण करतोय. माझं कुलूप कापलंय कुणीतरी."

"ते तुमचं होतं?" बेअर्ड खरोखर ओशाळला. "मीच कापलं. मॅनेजरबाईंना विचारूनच. कुणाचं आहे ते त्यांना माहीत नव्हतं."

वेंडेलनं ट्वायलाकडं पाहिलं. रागानं नव्हे. अधू नजरेची माणसं नीट दिसावं म्हणून बघतात, तसं. ट्वायलाला वाटलं, आत्ता जमीन दुभंगली तर बरं.

"लावायला परवानगी कुणाची होती?" बेअर्डनं विचारलं.

वेंडेलनं ट्वायलावरची नजर काढून घेतली. "कुणाची नाही. मीच लावलं आपलं, म्हातारचळ." त्यानं टोपी घेतली आणि तो बाहेर पडला. दार त्यानं हळूच ओढून घेतलं.

बेअर्ड पुढं दिव्यांबद्दल बोलू लागला. ट्वायलाला एक शब्द ऐकू येत नव्हता. शेवटी ती मधेच उठली. "परवानगी माझी होती," ती म्हणाली. "मीच त्याला लाव म्हटलं होतं, आणि फाटकापाशी मी खोटं बोलले. तुमच्यासमोर बावळट दिसायचं नव्हतं मला."

हार्लन टेबलाकडं बघत म्हणाला, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"कुलूप कुणाचं ते. इतकी वर्षं माझं कुलूप त्याच्याच कडीत अडकवलेलं होतं, ट्वायला. मला कसं ठाऊक नसेल?" त्याचा चेहरा लालेलाल झाला होता. "तू काय सांगतेस ते बघत होतो. आणि तू माहीत नाही म्हटल्यावर मलाही बरंच वाटलं. शहरातला माणूस उभा होता ना." त्यानं घसा खाकरला. "पुढचा विषय."

पुढचा विषय तिची नेमणूक. सगळे हात वर झाले, हार्लनचा सगळ्यात आधी. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते पदरात पडलं आणि ते घेताना तिला मान वर करता येईना.

तिथून ती तडक वेंडेलच्या घरी गेली. तो स्वयंपाकघरात पावाला लोणी लावत होता. त्यानं तिला खुर्ची दिली, कॉफी ओतली, सगळं नेहमीसारखं. त्यानं आरडाओरडा केला असता तर तिला सोसलं असतं.

"वेंडेल, मी सभेत सांगितलं खरं काय ते. तुम्ही निघून गेल्यावर."

"बरं केलंस. पोटात राहिलं असतं तर सडलं असतं." तो लोणी लावत राहिला. "मला आपलं त्या बसण्याचं हसू येतंय. बसल्या बसल्या एकच घोकत होतो मी. कापणारा सापडला तर त्याला काय म्हणायचं."

"काय म्हणणार होतात?"

"मारणार नव्हतो काही. एवढंच विचारणार होतो, बाबा रे, कुणाचं आहे ते तुला माहीत नव्हतं का?" त्यानं सुरी ठेवली आणि तिच्याकडं पाहिलं. उत्तराची वाट बघत होता तो, खरोखरच.

ट्वायलानं कप दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"माहीत होतं," ती म्हणाली.